ब्रेकवाल्या काकांचा पाय

पुण्यात गाडी पळवणारे ढिगानं आहेत, गाडी थांबवणारे औषधाला सापडत नाहीत, असं उत्तरेश्वर लोमटे याचं स्पष्ट मत आहे. आणि ते त्यानं खुशाल बाळगावं, कारण तीस वर्षं हा माणूस येरवड्याच्या गॅरेजात फक्त ब्रेकचं काम करत आला आहे. इंजिनाला हात लावत नाही, एसीचं विचारू नका, डेंटिंग-पेंटिंगला तर तो काम म्हणायलाच तयार नाही. येरवड्यात असतो म्हटलं की पेठेतला माणूस "अरेरे, सुटणार कधी?" असं विचारल्याशिवाय राहत नाही. हा विनोद उत्तरेश्वरनं इतक्यांदा ऐकला की शेवटी समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच तो सांगून टाकायचा, "जन्मठेप हाय. गाडी कुठली ते बोला."

मूळचा तो केज तालुक्यातला. पंचविशीत पुण्यात आला आणि नाना पेठेत रंगराव मिस्त्रींच्या हाताखाली लागला. रंगराव ट्रकचे ब्रेक करायचे आणि शिव्या द्यायचे, दोन्ही अगदी मनापासून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उत्तरेश्वरच्या पायातले बूट काढायला लावले. "बुटानं पेडल दाबतोस? मग वैद्यबुवांना म्हणावं हातमोजे घालून नाडी बघा!" ब्रेक बरा झाला की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. पेडलवर उघडा तळवा ठेवायचा आणि सावकाश दाबायचं. पेडल कुठं अडतं, अडल्यावर ठाम उभं राहतं की अजून थोडं खाली झुकतं, नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर ते कसं लुसलुशीत लागतं, हे तळव्याला कळतं आणि फक्त तळव्यालाच कळतं. दोन-तीन वर्षांत उत्तरेश्वरच्या पायाला ते असं काही कळायला लागलं की रंगराव स्वतःच्या कामावर त्याचा पाय मागायला लागले. शिव्या मात्र चालूच राहिल्या.

पुढं तो येरवड्याला दीनानाथशेठच्या गॅरेजात आला आणि तिथलाच झाला. शेठ गेले, त्यांचा मुलगा पुष्कर गादीवर बसला. पुष्कर म्हणजे आजकालचा, मोबाइल हाताला चिकटूनच जन्माला आलेला. त्यानं साध्या गाड्यांबरोबर शौकिनांच्या गाड्या घ्यायला सुरुवात केली, मोठे टर्बो, मोठे सायलेन्सर, मोठे ब्रेक. आणि त्यानं एक गोष्ट बरोब्बर हेरली. काम संपल्यावर चप्पल काढून, सीटवर बसून, डोळे मिटून पेडल दाबणारा हा मिशाळ म्हातारा लोकांना भारी आवडतो. त्यानं त्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. पेडल दाबून झालं की उत्तरेश्वर एकदा मान हलवायचा, बस्स. ती मान हलली की गाडी पास. गल्लीबोळातली पोरं त्याला "ब्रेकवाले काका" म्हणून ओळखायला लागली. कोथरूड-बाणेरहून माणसं येरवड्यापर्यंत यायची ती त्या पायासाठी. आपला पाय एवढा मोठा झालाय याचं उत्तरेश्वरला हसू यायचं. आणि खरं सांगायचं तर अभिमानही फार वाटायचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी गॅरेजातून घरी चालत आला, वीस मिनिटांचा रस्ता. चाळीच्या तोंडाशी शेजारची सोजरबाई भाजी निवडत बसली होती. ती खो-खो हसायला लागली. "अवो भावजी, येक चप्पल कुटं टाकून आलाव?"

उत्तरेश्वरनं खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल कुठं गळली, कधी गळली, त्याला पत्ता नव्हता. खडी, डांबर, उघडी गटारं, सगळ्यातून तो आला होता आणि पायानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तोही सोजरबाईबरोबर हसला. घरात जाऊन मोरीत पाय धुतला, तेव्हा अंगठ्याखाली काचेचा तुकडा निघाला. दुखत नव्हतं.

येरवड्यात ओळखीचे डॉक्टर होते, पण ओळखीच्या डॉक्टरकडं गेलं की गॅरेजात कळणार. म्हणून तो दोन बस बदलून सदाशिव पेठेत डॉक्टर श्यामलाबाईंच्या दवाखान्यात गेला. त्या साखरेच्या आजाराच्या, आणि साखर त्यांच्या बोलण्यात नावाला नव्हती.

"शुगर किती वर्षं आहे?"

"असंल सात-आठ."

"असंल म्हणजे? शरीरात भाड्यानं राहता का?" त्यांनी एक बारीक नायलॉनचा दोरा काढला. "डोळे मिटा. तळव्याला टोचलं की हो म्हणा."

उत्तरेश्वरनं डोळे मिटले. पंचवीस वर्षांहून जास्त त्यानं डोळे मिटूनच निवाडे दिले होते. "हो," तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "हो."

"लोमटे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी अजून सुरुवात केलेली नाही. खुर्ची पुढे ओढत होते."

मग त्यांनी खरोखर टोचलं, दहा ठिकाणी. उजव्या पायाला एकही कळलं नाही, डाव्याला दोन. पायाच्या नसा गेल्या आहेत, गेल्या त्या परत येत नाहीत, आता निदान उरलेला पाय जागेवर राहील एवढं बघायचं, असं त्यांनी सांगितलं. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. देवळातसुद्धा मोजे घालून जायचं, देव चालवून घेईल. "काम काय करता?"

"वॉचमन हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

घरी गोदाबाईला त्यानं सांगितलं की डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, महिन्याभरात पाय जागा होईल. तिनं विश्वास ठेवला, कारण नवरा ब्रेकच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाही आणि बाकीच्या बाबतीत बोलतच नाही.

गोळ्या चालू झाल्या आणि पाय काही जागा झाला नाही. मग काम कसं चालवलं? पोटरीवर. पेडल कुठवर जातं ते गुडघ्याच्या वाकण्यावरून ओळखायचं, मांडीला जोर किती लागतो त्यावरून ताडायचं. रोजच्या साध्या गाड्या त्याला पाठ होत्या, तिथं हे खपून गेलं. निदान खपून गेलं असं त्याला वाटत होतं. कधी कधी नुसतं बसायचा, दाबायचा, काहीच कळायचं नाही, आणि बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असायचं. मग तो मान हलवायचा. अशा किती माना हलवल्या? तो मोजतच नव्हता. मोजायची छातीच नव्हती त्याची.

आणि मग अस्मिता आली. तिशीची, खराडीला आयटीत कामाला, स्वभावानं मोकळी. तिच्याकडं दोन लिटर टर्बोची सेडान होती आणि ती गाडी तिनं पदरमोड करून इतकी तेज करून घेतली होती की सिग्नलला शेजारच्यांनी नमस्कार करावा. पण ब्रेक कंपनीचेच. ताम्हिणी घाटात उतरताना एकदा डिस्क तापून ब्रेक विरघळल्यासारखे झाले आणि तिचा जीव कसाबसा वाचला. तेव्हा तिनं परदेशातून मोठ्या ब्रेकचं किट मागवलं. थाळीएवढ्या डिस्क, त्यांना चिमट्यात पकडणारे कॅलिपर, एकेकाला सहा पिस्टन, स्टीलच्या जाळीच्या नळ्या. खोकी गॅरेजात उतरली तेव्हा पुष्करनं त्यांचाही व्हिडिओ काढला.

"काका, तुम्हीच करायचं हं," अस्मिता म्हणाली. "मागच्या वर्षी आईच्या गाडीचे ब्रेक तुम्हीच केले होते. ती अजून सांगते, असा पाय पाहिला नाही."

"करू की ताई," उत्तरेश्वर म्हणाला. खोकी उतरल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, कारण ही साधी गाडी नव्हती. हिचं पेडल त्याला पाठ नव्हतं, आणि मोठ्या कॅलिपरला पेडल किती खाली जायला हवं ते मांडी सांगू शकणार नव्हती. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. जोडीला योगेश होता, पस्तिशीचा, हाताला सफाईदार, दहा वर्षं उत्तरेश्वरच्या शेजारी उभा राहून तयार झालेला. जुने कॅलिपर उतरवले, डिस्क काढल्या, चाकाचा मधला हब तारेच्या ब्रशनं चकचकीत घासला. मोठा कॅलिपर बसवायला मधे एक लोखंडी ब्रॅकेट येतं. ते उत्तरेश्वरनं स्वतः लावलं, स्टुलावर बसून, टॉर्कचा पाना 'कट्' म्हणेस्तोवर. नव्या डिस्क चढवल्या. त्या फिरताना कणभर डोलत नाहीत ना, ते तपासलं. इथवर त्याचे हात तरणेबांड होते, हातांना सगळं कळत होतं.

कॅलिपर लावायची वेळ आली तेव्हा खाली बसून, वाकून बघायला हवं होतं. एरवी तो हटकून बघायचा. पण अलीकडं जमिनीवरून उठताना त्याचा तोल जायचा, पाय कुठं टेकलाय हे कळायचं नाही, भिंतीला धरावं लागायचं. समोर पुष्कर मोबाइल घेऊन उभा, अस्मिता चहाचा कप घेऊन उभी. सगळ्यांच्या देखत लडखडायचं त्याला नको होतं. "योगेश, कॅलिपर तू चढव," तो म्हणाला. "मी सीटवर बसतो."

खोक्यांवर लिहिलेलं होतं, एकावर ड्रायव्हर साइड, दुसऱ्यावर पॅसेंजर साइड. योगेशनं वाचलं आणि ड्रायव्हरचा कॅलिपर ड्रायव्हरच्या बाजूला लावला. चूक काय त्यात? आपल्या गॅरेजांत बाजू ओळखायची हीच तर रीत, एक ड्रायव्हरची, दुसरी क्लीनरची. पण ते किट ज्या देशातून आलं होतं तिथं ड्रायव्हर डावीकडं बसतो. म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडं बसला आणि उजवा डावीकडं. बोल्ट जुळले, पॅड बसले, चाक फिरलं. फक्त एकच गोष्ट उलटी झाली. हवा काढायची निपल वर असायला हवी, ती खाली आली. हवा वर चढते आणि निपल खाली असली तर ती बाहेर निघतच नाही, कॅलिपरच्या माथ्याशी बसून राहते. उत्तरेश्वरनं एकदा वाकून पाहिलं असतं तर त्यानं झोपेतसुद्धा हे ओळखलं असतं.

मग ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतली हवा काढणं. हे काम दोघांचं, एक सीटवर, एक चाकाशी. "दाबा," योगेश ओरडायचा. "धरा... सोडा." निपलमधून तेल आणि हवा बाटलीत यायची. दहा-बारा वेळा झाल्यावर बुडबुडे यायचे थांबले, नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं. खालून ते येणारच होतं.

"काका, पेडल घट्ट आलं का?"

उत्तरेश्वरनं अनवाणी पाय दाबला. पाय खाली गेला, कुठंतरी थांबला. कुठं थांबला? थांबला हे पायानं सांगितलं की गुडघ्यानं? त्यानं पुन्हा दाबलं. पाय नव्हताच तिथं, पोटरीच्या खाली नुसती पोकळी होती. बाहेर योगेश वाट बघत होता.

"आलं," तो म्हणाला.

चाकं चढली. त्यानं स्वतः गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून आणली, वीसच्या वेगात. त्या वेगात गाडी थांबते, थांबलीही. मग पुष्करनं कॅमेरा धरला. काकांनी डोळे मिटले, पेडल दाबलं, मान हलवली. पुष्कर म्हणाला, "कडक!"

अस्मिता सीटवर बसली. तिनं पेडल एकदा दाबलं, दोनदा दाबलं, कपाळाला आठी घातली. "जरा सॉफ्ट नाही वाटत?"

"मॅडम, सहा पिस्टन आहेत," पुष्कर हसला. "सवय व्हायला वेळ लागतो. आणि काकांची मान हलली, विषय एंड."

"हो बाई, काकांपेक्षा मला काय जास्त कळणार!" तीही हसली. तिच्या पायाला कळलेलं तिनं स्वतःच खोडून टाकलं, फक्त त्याच्या मानेवर भरवसा ठेवून. "पॅड सेट करायला उद्या सकाळी ताम्हिणीलाच जाते. रस्ता रिकामा असतो, नीट वेगात घेऊन दाबता येतील."

तिनं गाडी सुरू केली, आरशात बघत मागं घ्यायला लागली. उत्तरेश्वर स्टुलावर बसला होता. त्याला पहिल्यांदा लख्ख कळलं की या सगळ्या गॅरेजात एकच पाय शहाणा होता, तो तिचा, आणि तो आपण गप्प केला. उठला तो भिंत न धरता उठला, लडखडला, सावरला, आणि फाटकाशी जाऊन गाडीच्या मागं हात आडवे धरून उभा राहिला. अस्मितानं करकचून दाबलं. गाडी थांबली, पण त्याच्या गुडघ्याला बंपर टेकल्यावर.

"काका! काय करताय!"

"ताई, गाडी न्यायची न्हाई."

पुष्कर धावत आला. "काका, मस्करी पुरे."

"मस्करी न्हाई शेठ. मला पायाला काय कळत न्हाई." आवाज चढला होता, त्याचा त्यालाच ओळखू येत नव्हता. "वरीस झालं. नसा गेल्यात. पेडल हाय का न्हाई तेबी समजत न्हाई मला. मी उगंच म्हनलो आलं म्हनून."

योगेश टॉर्च घेऊन चाकाखाली शिरला आणि थोड्या वेळानं आतूनच म्हणाला, "निपल खाली आहेत."

दुपारपर्यंत कॅलिपर अदलाबदल झाले. या वेळी सीटवर योगेश बसला, बूट घालून. चाकाशी पुष्कर. हवा भसाभसा निघाली. पेडल दगडासारखं झालं म्हणे. उत्तरेश्वरनं ते ऐकलं. त्याला कुणी दाबून बघा म्हटलं नाही.

अस्मिता चिडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द ऐकून घेतले असते, मन हलकं झालं असतं. ती चिडली नाही. त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही थांबवलंत, थँक यू. वर्ष झालं म्हणालात ना?"

"हो."

"आईची गाडी मागच्या दिवाळीत झाली होती." ती जरा घुटमळली. "ती रोज चालवते. उद्या मी तिची गाडी दुसरीकडे दाखवून घेते. रागावू नका हं."

तो काय रागावणार? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाऊन त्यानं गोदाबाईला सगळं सांगितलं, वॉचमनसकट. ती बराच वेळ त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली. तिचे हात लागत होते ते त्याला दिसत होतं, लागत नव्हतं. "बसा की घरी," ती म्हणाली. "मी अजून दोन घरच्या पोळ्या धरते. काय मरत न्हाई आपण." ती खरंच बोलत होती. पण घरी बसून तो कोण होणार होता? सोजरबाईचा भावजी? चाळीच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालणारा एक म्हातारा?

आणि त्या गाड्या? वर्षभरात ज्यांच्यावर मान हलवली त्या? रविवारी सकाळी त्यानं मोबाइल घेतला आणि आठवतील त्या गिऱ्हाइकांना फोन लावायला बसला. पहिला लावला भीमरावांना, निवृत्त हेडक्लार्क, छोटी पांढरी गाडी.

"साहेब, ब्रेक एकदा दुसरीकडं दाखवून घ्या."

"दुसरीकडे? अहो काका, ब्रेक झकास आहेत! तुमचा पाय लागलाय त्याला. आणि दुसरीकडे सगळे चोर बसलेत, हे तुम्हीच मला सांगितलंत."

"साहेब, माझ्या पायाला कळत न्हाई आता."

"विनय म्हणतात तो हाच," भीमराव म्हणाले आणि त्यांनी त्याच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

दुसरा दशरथ टेम्पोवाला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काका, परत काम काढायचं असेल तर सरळ सांगा ना. नाटक कशाला?" तिसऱ्यानं ऐकलं, हो हो म्हटलं आणि ताबडतोब पुष्करला फोन लावला, तुमचे मिस्त्री वेडे झालेत का म्हणून.

सोमवारी पुष्करनं त्याला ऑफिसात बसवलं. दार लावलं, स्वतः चहा ओतला. दीनानाथशेठनं हयातीत कधी ओतला नव्हता.

"काका, फोन बंद. एकदम बंद. गॅरेजला कुलूप लावायचंय का मला?"

"शेठ, कुनाचा तरी जीव जाईल."

"वर्षभरात गेला का? नाही ना? मग." पुष्करनं खुर्ची पुढे ओढली. पोरगा दुष्ट नव्हता, हीच पंचाईत होती. त्याचे डोळे खरोखर भरले होते. "तुम्हाला मी कुठे पाठवणार नाही. बाबांनी तुम्हाला आणलं, तुम्ही इथेच. पगार तोच. फक्त चेकिंग योगेश करेल, आधीच, नीट, मशीन लावून. मग तुम्ही बसायचं. पाय ठेवायचा, मान हलवायची. लोक त्यासाठी येतात काका. योगेश मागे उभा राहील. त्यानं अंगठा दाखवला की ओके. कुणाची फसवणूक नाही, गाडी शंभर टक्के बरोबरच असणार."

हे सगळं बरोबर होतं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. उत्तरेश्वरनं चहा संपवला. जुन्या गाड्यांचं काय, असं तो पुन्हा विचारणार होता, पण त्याच्या मनात आलं की विचारून तरी कुणाला, ऐकणारं तर कुणी नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मोजे त्यानं खिशात ठेवले होते. व्हिडिओत मोजे चालणार नाहीत, हे पुष्करनं फार प्रेमानं सांगितलं.

पंधरा दिवसांनी बावधनहून एक नवरा-बायको आले. नवी कोरी स्पोर्ट गाडी, तसंच मोठं किट. योगेशनं दोन दिवस खपून सुरेख काम केलं, निपल तीनदा बघितली. संध्याकाळी गाडी फाटकाशी उभी केली, पुष्करनं मोबाइल सरसावला आणि काकांना हाक मारली. उत्तरेश्वरनं चप्पल काढली, सीटवर बसला, पेडलवर उजवा पाय कुठं आला ते खाली बघून नीट जुळवला आणि दाबला.

आता डोळे मिटायची सोय नव्हती. अंगठा दिसायला हवा. त्यानं काचेतून समोर पाहिलं. पुष्करच्या खांद्यामागं योगेश असायला हवा होता, तो नव्हता. पार्टचं पार्सल आलं होतं, त्यावर सही करायला तो बाजूला गेला होता.

उत्तरेश्वर पाय दाबून बसून राहिला. पेडल वर होतं की खाली, घट्ट होतं की लुसलुशीत, त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पुष्कर मोबाइल हलू न देता उभा होता. गल्लीतली दोन माणसंसुद्धा थांबून बघायला लागली.

गाडीचा मालक बायकोच्या कानाशी वाकून म्हणाला, "बघ, किती बारकाईनं बघतात."

योगेश सही करून परत आला, पुष्करच्या मागं उभा राहिला आणि त्यानं अंगठा वर केला. उत्तरेश्वरनं मान हलवली.